युनूस मिस्त्रीने पॅनलला कूलर लावला

नेरच्या युनूस मिस्त्रीचं एक म्हणणं होतं आणि दुकानाची पायरी चढेल त्या प्रत्येकाला ते ऐकावंच लागायचं. म्हणणं असं, की यवतमाळ जिल्ह्याला देवानं दोनच गोष्टी हात न आखडता दिल्या, कापूस आणि ऊन. कापसाचं काय करायचं ते बाजारानं करून टाकलं. आता उरलं ऊन, आणि त्या उन्हाला भाव मिळवून द्यायला अल्लानं युनूसला नेरमध्ये जन्माला घातलं. एवढं बोलून तो चहा मागवायचा. चहाचा भाव कोण देणार, हे मात्र तो कधी बोलायचा नाही.

दुकान बस स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक त्याच्याकडे आणायचे आणि तो तिचं वायंडिंग करून द्यायचा. हात असा, की त्यानं गुंडाळलेली मोटार पुन्हा जळायला लाजायची. पण ती वर्षं कापसाच्या पडझडीची. जळालेली मोटार लोक गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवायचे आणि पुढच्या हंगामात पाहू म्हणायचे. दुकानात दिवसभर युनूस आणि टेबलफॅन एकमेकांकडे पाहत बसायचे. त्यातला टेबलफॅन तर लोडशेडिंगमुळे हलतही नसे.

नागपूरला त्याच्या साळ्याचं, तनवीरचं, विजेच्या सामानाचं मोठं दुकान होतं. तनवीर दर आठवड्याला फोन करून सांगायचा, की भाईजान, या इकडे, माझ्या दुकानात पगारावर राहा. साळ्याच्या दुकानात पगारावर राहणं म्हणजे काय, हे ज्यांना साळा आहे त्यांना समजावून सांगायला नको. युनूसच्या बायकोला, गौहरला, तिचा भाऊ कितीही प्रिय असला तरी नेर सोडायचं नव्हतं. पण रिकामं दुकान तिलाही दिसत होतं. शेवटी तिनंच ठरवून टाकलं. मृगापर्यंत काही जमलं तर ठीक, नाही तर सामान बांधायचं.

आणि मे महिना तर लागलाच होता.

तर युनूसचा बेत होता गरिबाच्या सोलरचा. नेरपासून थोडं आत, माळावर, एक तांडा आहे. तिथले नायक प्रेमसिंग म्हणजे तांड्याचा शेवटचा शब्द. महिनाभरापूर्वी यवतमाळचा एक डीलर तांड्यात येऊन सोलरच्या दिव्यांचा सेट दाखवून गेला होता. त्यानं किंमत सांगितली तेव्हा प्रेमसिंगच्या म्हाताऱ्या वडिलांनी, बापूजींनी, एवढंच विचारलं होतं, की इतक्या पैशात सूर्यही घरी न्यायला मिळतो का. डीलर हसला आणि बॅग आवरून गेला. ही गोष्ट युनूसच्या कानावर आली आणि त्याच्या डोक्यात शंभरचा बल्ब लागला.

त्यानं सगळ्या खर्चाला कात्री लावली. पॅनल तेवढं विकत घेतलं, तेही लहान. त्याला स्टँड म्हणून घरातली मोडकी लोखंडी बाज उभी केली. बॅटरी एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरची होती, तिला औषधपाणी करून उठवून बसवलं. तारा जळक्या मोटारींच्या आणि दिवे वणीच्या भंगारातून आणलेल्या कोळशाच्या ट्रकचे. सगळं मिळून किंमत डीलरच्या निम्म्याहूनही खाली आली. मग मोपेडला सगळं बांधून तो तांड्यात गेला आणि प्रेमसिंगच्या अंगणात उभा राहून बोलला, की तीन दिवे, दिवेलागणीपासून निजेपर्यंत, नाही लागले तर युनूसचं नाव बदला.

प्रेमसिंगनं पानाला चुना लावत सगळं ऐकून घेतलं.

"आधी माह्या घरी लावून दाखव मिस्त्री," तो म्हणाला. "चाललं, तं अख्खा तांडा तुह्याचकडून घेईन."

अख्खा तांडा! युनूसला नागपूरचा रस्ता बंद झालेला डोळ्यांसमोर दिसला. त्यानं लगेच बाजेवर पॅनल चढवलं, तारा जोडल्या आणि मधे आपलं मीटर लावलं. मीटरचा काटा टुणकन वर गेला. जमलेल्या बायकामुलांना त्यानं काट्याकडे बोट दाखवून सांगितलं, की हे पाहा, सूर्य तुमच्या घरी नोकरीला लागला.

पण मे महिन्यातला सूर्य आणि नोकरी! अकराच्या पुढे काटा हळूहळू खाली यायला लागला. ऊन जितकं तापेल तितका काटा मान टाकेल. दुपारी पॅनलला हात लावला तर तव्यासारखा चटका बसला, आणि युनूसला कुठेतरी ऐकलेलं आठवलं, की ही पॅनलं फार तापली की मंदावतात. ते त्यानं मोठ्या आवाजात जाहीर केलं, कारण दोष आपला नाही हे सगळ्यांना कळायला हवं होतं.

"त्याले गर्मी सोसत नाही," तो म्हणाला.

"मंग त्याले उन्हात काहून ठेवलं?" प्रेमसिंगच्या बायकोनं, हंसाबाईनं, विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून युनूस सावलीत जाऊन जेवायला बसला. हंसाबाईला मात्र राहवेना. दुपारी बैल धापा टाकायला लागले की ती त्यांच्या पाठीवर ओलं पोतं टाकायची. तिनं एक पोतं हातपंपावर भिजवलं आणि मोठ्या मायेनं पॅनलवर पांघरलं, चारी कोपरे नीट ओढून. युनूस परत येऊन पाहतो तर काटा शून्यावर झोपलेला. त्यानं आधी तारा तपासल्या, मग बॅटरी, मग देवाचं नाव घेतलं आणि मग वर पाहिलं.

संध्याकाळी दिवे लागले खरे. पण हंसाबाईची भाकरी होईपर्यंत ते पिवळे पडले आणि सगळे ताटावर बसले तेव्हा विझले. अंधारात घास तोंडात घालत प्रेमसिंग म्हणाला, की आजचा दिवस मोजत नाही, उद्या पाहू. मनानं फार मोठा माणूस!

घरी परतताना युनूसच्या डोक्यात एकच विषय होता. दोष ना पॅनलचा, ना बॅटरीचा, दोष गर्मीचा. आणि आमच्या भागात गर्मीवरचा इलाज शाळेतलं पोरही सांगेल. घरात माणूस तापला, कूलर लावा. लग्नात पाहुणे तापले, कूलर लावा. युनूस अस्सल इथलाच. त्याच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

कूलर घरी होता. गौहरचा. पत्र्याचा, निळा, खिडकीत बसवलेला, आणि मे महिन्यात गौहरचा नवऱ्यापेक्षा त्याच्यावर जास्त जीव. युनूसनं सकाळी तो खिडकीतून उतरवायला घेतला तशी ती हातातलं काम टाकून आली.

"कूलर कुठे चालला?"

"सर्व्हिसिंगले."

"चालू कूलरची सर्व्हिसिंग?"

"चालू असतानाच करतात," युनूस म्हणाला. "बंद पडल्यावर करतात त्याले रिपेरिंग म्हणतात."

हे इतकं शास्त्रशुद्ध होतं, की गौहर त्याचा अर्थ लावेपर्यंत कूलर दाराबाहेर पडला. दुकानात नेऊन युनूसनं त्याची आतली मोटार काढली आणि तिथे भंगारातल्या एका जीपचा रेडिएटरचा पंखा बसवला, जो बॅटरीवर चालतो. जीपच्या काचेवर पाणी उडवणारा छोटा पंपही त्यानं कूलरच्या टाकीत टाकला. आता कूलरला घरची वीज लागणार नव्हती. जी बॅटरी दिवे लावणार तीच कूलरही फिरवणार होती. युनूसला स्वतःचाच अभिमान वाटला. असं डोकं नागपुरात पगारावर ठेवायचं म्हणजे गुन्हाच, असं त्याला मनापासून वाटलं.

तांड्यात कूलर पॅनलच्या मागे, बाजेखाली बसवला गेला, तोंड वर करून. हंसाबाईनं कुरकुरत दोन घागरी पाणी ओतलं. युनूसनं तार जोडली. पंखा घरघरला, ओल्या वाळ्याचा वास सुटला आणि थंडगार वारा पॅनलच्या पोटाला लागला. थोड्याच वेळात काटा जागचा उठला आणि चक्क वर सरकला. अगदी थोडा, पण वर! युनूसनं टाळी वाजवली आणि सगळ्यांना बोलावून काटा दाखवला. लोक आले, त्यांनी काट्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि बाजेच्या सावलीत बसून घेतलं. कारण पॅनलला लागून उरलेला सगळा वारा तिथे खाली उतरत होता.

आधी बापूजींनी आपली खाट तिथे ओढून घेतली. मग शेजारच्या जमनीनं पाळणा आणला. मग बाकीच्या बायका तांदूळ निवडायचं निमित्त करून आल्या, पुरुष निमित्त न करताच आले आणि एक शेळी सगळ्यांच्या अंगावरून चालत जाऊन कूलरला टेकून बसली. दुपारी तांड्यात लाईन कधीच नसायची. त्या वेळेला माणसं झोपडीत पडून नुसती घामाघूम व्हायची. त्या दिवशी मात्र ऐन बाराच्या ठोक्याला बापूजी घोरत होते. युनूस त्या घोरण्याच्या वर आवाज काढून काट्याची महती सांगत होता आणि लोक दर वाक्याला मान हलवत होते. त्यांना त्या क्षणी कोणी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

बॅटरीकडे कोणी पाहिलं नाही. बॅटरी बिचारी कोपऱ्यात बसून पंख्याला पाजत होती. पॅनल थंड राहून जे चिमूटभर जास्त कमवत होतं, ते आणि वर त्याची सगळी मजुरीसुद्धा पंखा एका दमात पीत होता. याला आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. पण कोंबडीवाल्याला ते नेहमी जेवण झाल्यावरच कळतं.

दिवेलागणीला सगळा तांडा प्रेमसिंगच्या दारात जमला. युनूसनं कूलर बंद केला, घसा साफ केला आणि बटण दाबलं. एका दिव्याच्या आतली तार विडीच्या टोकाएवढी लाल झाली आणि लगेच काळी पडली. बाकीचे दोन दिवे तर त्या भानगडीतही पडले नाहीत.

प्रेमसिंगनं वडिलांना विचारलं, "बापूजी, लागला व्हता का?"

"लागला असंल," बापूजी म्हणाले. "माह्ये डोये अधू हायेत."

धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं, असं युनूसला वाटलं. तो म्हणाला, की बॅटरी म्हातारी आहे, गावात नेऊन चार्ज करून आणतो, उद्या पाहा. त्यानं बॅटरीच्या तारा सोडल्या, तिथेच लोंबत टाकल्या आणि बॅटरी मोपेडवर बांधली. प्रेमसिंग म्हणाला, की ठीक आहे, पण उद्या सकाळी सगळ्यांना बोलावून तांडा बसवतो आणि काय ते ठरवून टाकतो. नायकाचं ठरवून टाकतो म्हणजे ठरलंच. त्यावर अपील नसतं.

घरी गौहर पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. सर्व्हिसिंग झाली का, हा एकच प्रश्न तिनं विचारला आणि युनूसच्या तोंडावरचे सगळे भाव पाहून दुसरा विचारलाच नाही. उद्या तांड्यात मीही येते आणि माझा कूलर मीच आणते, असं सांगून ती अंगणात झोपायला गेली.

सकाळी बॅटरी चार्ज होत असताना युनूसच्या मनात शंका आली. दुकानात कूलरच्या पंख्यासारखाच दुसरा एक पंखा पडला होता. त्यानं तो बॅटरीला जोडला आणि मधे मीटर लावलं. काटा जिथे जाऊन थांबला ते पाहून युनूस खाली बसला. पॅनल भर उन्हात जेवढं देत होतं त्याहून जास्त हा एकटा पंखा खात होता! आपणच सूर्याला नोकरीला ठेवलं, आपणच त्याला गार वाऱ्यात बसवलं आणि आपणच त्याचा पगार पंख्याला देऊन टाकला. एवढी साधी गोष्ट, आणि आयुष्यभर मोटारी गुंडाळणाऱ्या माणसाला ती दिसली नाही. त्याला फार वाईट वाटलं. तांड्याच्या लोकांनी दोन दिवस त्याच्यावर भरवसा ठेवला होता, आणि आता जाऊन त्यांना सांगायचं होतं, की डीलरच बरा होता, त्याच्याकडूनच घ्या.

बॅटरी भरायला उशीर लागला. निघाले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गौहर मागे बसली होती, दोघांच्या मधे बॅटरी. माळ लागला तेव्हा ती हळूच म्हणाली, की तनवीरच्या दुकानात एसी आहे, तिथे तुम्हाला गर्मीचा त्रास होणार नाही. हे तिनं समजूत काढायला म्हटलं होतं. युनूसला मोपेड सोडून पायी चालत जावंसं वाटलं.

तांड्यात शिरले तर कुठे चिटपाखरू नाही. दारं उघडी, चुली थंड. प्रेमसिंगच्या अंगणात मात्र गर्दी. पॅनलखाली माणसांवर माणसं बसली होती, बापूजी खाटेवर आडवे होते, शेळी आपल्या जागेवर होती आणि कूलर घरघर करत झकास चालला होता.

युनूसनं कूलरकडे पाहिलं, मग मोपेडवरच्या बॅटरीकडे पाहिलं.

"हा चालून कशावर राह्यला?" त्यानं विचारलं.

हंसाबाईनं सांगितलं ते असं. सकाळी ऊन चढलं तशी बापूजींनी वाऱ्यासाठी कटकट सुरू केली. चार तारा नुसत्याच लोंबत होत्या. म्हणून तिनं दोनाला दोन, नाडीसारख्या गाठी मारून टाकल्या. पहिल्यांदा पंखा उलटा फिरला आणि वारा शेळीच्या बाजूला गेला. मग तिनं गाठी सोडून फिरवून बांधल्या.

"काही चुकलं का भाई?" तिनं काळजीनं विचारलं.

काही चुकलं नव्हतं. पॅनलची तार सरळ पंख्याला लागली होती आणि मधे बॅटरी नव्हतीच. काल बॅटरीवर होता तेवढा जोर नव्हता, पण अंगाला पुरेल एवढा होता. हे युनूस सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात प्रेमसिंग उठून उभा राहिला.

"मिस्त्री, तांडा बसला आन् ठरलं," तो म्हणाला. "आमाले हेच पायजे. घरोघरी. असंच्या असं."

आता कोणताही शहाणा माणूस इथे हात जोडून होय म्हणाला असता. पण युनूस कारागीर होता आणि कारागिराला आपली चूक कोणी विकत घेतलेली सहन होत नाही. तो म्हणाला, "पण नायक, दिवे? दिव्याचं काय?"

"दिवे दिवे तं तूच करून राह्यला होतास बाप्पा. तो यवतमाळवालाही तेच करे. आमाले इचारलं कोणी?" प्रेमसिंग खाली बसला, वाऱ्याच्या तोंडाशी. "लाईन येतेच दिवस बुडल्यावर. थोडी इकडेतिकडे झाली तं कंदील हाय. जीव जाते तो दुपारी. दुपारी लाईन नसते, आन् हे दुपारीच चालते."

"पण ढग आले, तं बंद पडन."

"ढग आल्यावर कूलर कायले पायजे?"

सगळा तांडा हसला. युनूस हसला नाही. त्याच्या मनात दुसरी अडचण तयार होती. तो सांगायला लागला, की यात बॅटरीच नाही, आणि बॅटरी नसलेल्या सोलरला तसं पाहिलं तर सोलर म्हणताच येत नाही. त्यावर जमनीनं पाळण्याजवळून विचारलं, की बॅटरी नसली तर किंमत वाढते का कमी होते. युनूसनं खरं ते सांगितलं, की चांगली बॅटरी म्हणजेच निम्मा खर्च, आणि तीच दर काही वर्षांनी मरते. ती काढली तर उरतं एक पॅनल आणि भंगारातला पंखा. एवढं बोलून तो थांबला, कारण आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. ज्या स्वस्ताईसाठी त्यानं मोडकी बाज उभी केली, ट्रॅक्टर धुंडाळला, वणीचं भंगार पालथं घातलं, ती स्वस्ताई हंसाबाईच्या दोन गाठींत बसलेली होती.

तरी सवय वाईट. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, "नायक, माह्यं एक म्हणणं—"

गौहर आतापर्यंत पदराआडून सगळं ऐकत होती आणि हळूहळू सरकत वाऱ्यात येऊन बसली होती. तिनं नवऱ्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"तुमचं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. मग प्रेमसिंगकडे वळून तिनं सगळं ठरवून टाकलं. हा निळा कूलर नायकाच्या घरी राहील. नवा बनेल तो पहिला तिच्या खिडकीत बसेल. आणि त्यानंतर तांड्याचा नंबर. प्रेमसिंगनं पानाचा डबा तिच्यापुढे सरकवला. याचा अर्थ सौदा पक्का. युनूसला कोणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं काही वाटलंही नाही. तो इतका खूश झाला होता, की शेळीशेजारी जागा मिळाली तिथेच मुकाट्यानं बसला.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही, वणीपासून केळापूरपर्यंतच्या भंगारात जीपचा पंखा शोधून सापडेना. सगळे नेरला आले होते. पॅनलं लागली ती तनवीर नागपूरहून पाठवू लागला आणि पोचली का म्हणून दर आठवड्याला फोन करू लागला. युनूस त्याला सांगायचा, की आता वेळ नाही, संध्याकाळी कर. साळ्याला संध्याकाळी फोन करायला लावण्यात जे सुख आहे ते नागपुरातल्या एसीत कुठलं!

दुकानात येणाऱ्याला तो आजही सगळी हकीकत सांगतो. फक्त आता तिच्यात थोडा बदल झाला आहे. बॅटरी म्हणजे गरिबाच्या सोलरचं खरं दुखणं, हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि लोकांना पटावं म्हणून ती मुद्दाम मरू दिली, असं तो म्हणतो. गौहर आत शिलाई मशीनवर असते. ती ऐकते आणि मशीन थोडी जोरात चालवते. पण मागच्या वर्षी दुकानाची पाटी नवी करायची ठरली, तेव्हा पेंटरपुढे ती स्वतः येऊन उभी राहिली. युनूसनं सांगितलेलं वर मोठ्या अक्षरात आलं, 'येथे उन्हावर चालणारे कूलर मिळतील.' आणि तिनं सांगितलेलं त्याच्या खाली, जरा लहान अक्षरात, पण रस्त्यावरूनही वाचता येईल असं: 'दिव्यांची चौकशी करू नये.'